उपसंचावर टोपॉलॉजी कशी उतरवावी: कापण्याचा नियम आणि त्यातल्या खाचाखोचा

[०, १/२) हा संच विवृत आहे का? असं कुणी विचारलं तर हो किंवा नाही म्हणायची घाई करू नका. आधी विचारा: कशात? वास्तव रेषेत तो विवृत नाही. [०, २) या संचात मात्र आहे. बिंदू तेच, कंस तेच, तरी उत्तर वेगळं. माझ्या मते या विषयात विद्यार्थी जिथे जिथे अडतात, तिथे तिथे हा ‘कशात?’ विचारायचा राहून गेलेला असतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच प्रश्नाला धरून आहेत.

शब्दांबद्दल थोडं. वर्गात आपण ज्यांना ओपन सेट आणि क्लोज्ड सेट म्हणतो, त्यांना इथे विवृत आणि संवृत संच म्हटलं आहे. टोपॉलॉजीला परिभाषेत संस्थिती म्हणतात, पण बोलताना सगळेच टोपॉलॉजी म्हणतात, म्हणून तोच शब्द ठेवला. मोठ्या अवकाशाला ‘म’ आणि त्यातल्या उपसंचाला ‘उ’ म्हणू.

टोपॉलॉजी म्हणजे शेवटी एक यादी: ‘म’चे कोणते उपसंच विवृत मानायचे याची. यादीला अटी तीनच. रिक्त संच आणि पूर्ण ‘म’ यादीत हवेत. यादीतले कितीही संच घेतले, अगदी अनंत, तरी त्यांचा संयोग यादीत हवा. आणि यादीतल्या सांत संख्येच्या संचांचा छेद यादीत हवा. ज्याचा पूरक संच यादीत असतो, तो संच संवृत.

पायरी १: दोन्ही नावं कागदावर लिहा

‘म’ कोणता, त्याची टोपॉलॉजी कोणती आणि ‘उ’ कोणता, हे सुरुवातीलाच लिहून ठेवा. पायरी क्षुल्लक वाटते, पण ती टाळू नका. पुढे ‘विवृत’ हा शब्द लिहाल तेव्हा प्रत्येक वेळी ‘म-मध्ये’ किंवा ‘उ-मध्ये’ हेही लिहा. निदान पहिले काही आठवडे तरी.

पायरी २: कापा

नियम एका ओळीचा आहे. ‘म’मधला प्रत्येक विवृत संच ‘व’ घ्या आणि त्याचा ‘उ’शी छेद करा. मिळालेला तुकडा व ∩ उ हा उ-मध्ये विवृत. असे सगळे तुकडे मिळून ‘उ’ची यादी होते. यापलीकडे उ-मध्ये काहीही विवृत नाही.

सुरुवातीचंच उदाहरण जवळून पाहू. ‘म’ ही वास्तव रेषा, ‘उ’ म्हणजे [०, २). व = (−१/२, १/२) घेतला. हा रेषेत विवृत आहे. त्याला ‘उ’ने कापलं की डावीकडचा भाग गळून पडतो आणि उरतो [०, १/२). म्हणून तो उ-मध्ये विवृत.

आता ० या टोकाकडे नीट बघा. रेषेवर ० पासून डावीकडे कितीही कमी सरकलं तरी आपण [०, १/२) च्या बाहेर पडतो, म्हणून रेषेत हा संच विवृत नव्हता. पण जो ‘उ’मध्येच राहतो त्याच्यासाठी शून्याच्या डावीकडे जागाच नाही. ० च्या जवळचे जेवढे बिंदू त्याला माहीत आहेत, ते सगळे या संचात आहेत. विवृत असण्याचा अर्थ एवढाच: प्रत्येक बिंदूच्या पुरेसे जवळचे सगळे शेजारी संचात हवेत. शेजारी कोण, हे ‘उ’ ठरवतो.

आता [१, ३/२) घ्या. दिसायला अगदी तसाच, पण तो उ-मध्ये विवृत नाही. १ ला सामावणारा रेषेतला कोणताही विवृत संच १ पेक्षा किंचित लहान संख्याही सोबत आणतो, आणि त्या संख्या ‘उ’मध्ये असतात. कापल्यावरही त्या गळत नाहीत. कंसाचा आकार पाहून निर्णय देता येत नाही तो असा.

एक बारकावा पुढे कामाला येतो. [०, १/२) हा तुकडा (−१/२, १/२) पासून मिळाला, तसाच (−१०००, १/२) पासूनही मिळतो. म्हणजे एकाच तुकड्याचे ‘व’ अनेक असू शकतात. सिद्धता लिहिताना ‘असा एखादा व निवडू’ असं लिहायचं. ‘तो व’ असं लिहिलंत तर चूक.

पायरी ३: यादी खरंच टोपॉलॉजी आहे ना, हे स्वतः तपासा

रिक्त संच ‘उ’ने कापला तर रिक्तच राहतो. पूर्ण ‘म’ कापला तर ‘उ’ मिळतो. पहिली अट झाली.

संयोगासाठी उ-मधले विवृत तुकडे घ्या आणि प्रत्येकासाठी म-मधला एकेक ‘व’ निवडा. सगळे तुकडे वेगवेगळे कापून मग जोडले काय, किंवा आधी सगळे ‘व’ जोडून मग एकदाच कापलं काय, हाती तेच येतं. छेद संयोगावर वितरित होतो, एवढंच इथे वापरलं. जोडलेला संच म-मध्ये विवृत असतो, म्हणून त्याचा तुकडा यादीत आहे. छेदाचंही तसंच: (व₁ ∩ उ) आणि (व₂ ∩ उ) यांचा छेद म्हणजे (व₁ ∩ व₂) ∩ उ.

हे एकदा स्वतःच्या हाताने लिहून बघा. वाचून पटतं, पण लिहिल्यावरच हाताला वळण लागतं.

पायरी ४: सगळे विवृत संच कापत बसू नका

‘म’चा आधार माहीत असेल, म्हणजे ज्यांच्या संयोगातून सगळे विवृत संच तयार होतात ते मोजके संच माहीत असतील, तर तेवढेच कापले की पुरे. कापलेले तुकडे ‘उ’चा आधार होतात. रेषेवर विवृत अंतरालं कापायची, प्रतलात विवृत चकत्या कापायच्या.

‘म’मध्ये अंतर मोजता येत असेल तर काम आणखी सोपं. तेच अंतर फक्त ‘उ’च्या बिंदूंमध्ये मोजा. त्यातून मिळणारी टोपॉलॉजी आणि कापून मिळणारी टोपॉलॉजी एकच असते.

पायरी ५: तीन उपसंच, तीन स्वभाव

रेषेतच राहू आणि ‘उ’ बदलत जाऊ.

पूर्णांक घ्या. (२.५, ३.५) या अंतरालाने कापलं की एकटा ३ हाती येतो. हे प्रत्येक पूर्णांकाला लागू पडतं. म्हणजे एकेक बिंदू विवृत, आणि बिंदू जोडून कोणताही संच बनत असल्याने प्रत्येक उपसंच विवृत. याला विविक्त टोपॉलॉजी म्हणतात.

आता ०, आणि सोबत १, १/२, १/३, १/४ अशा सगळ्या संख्या घ्या. १/२, १/३ वगैरे प्रत्येक बिंदू पुरेशा लहान अंतरालाने एकटा पकडता येतो. पण ० एकटा कधीच सापडत नाही. त्याच्याभोवती कितीही लहान अंतराल घ्या, पुढच्या सगळ्या १/न त्यात शिरतात. बिंदू सुटे दिसतात, तरी संच विविक्त नाही. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण फक्त ‘उ’कडे पाहून जे उमगत नाही, ते मोठ्या अवकाशाकडून आलेल्या वारशाने कळतं: बाकीचे बिंदू शून्याकडे गर्दी करत आहेत.

तिसरा उपसंच परिमेय संख्यांचा. (√२, √३) या अंतरालाने कापा. आता [√२, √३] ने कापा. √२ आणि √३ अपरिमेय आहेत, त्यामुळे दोन्ही वेळा तोच तुकडा मिळतो. पहिल्या कापामुळे तो परिमेय संख्यांमध्ये विवृत, दुसऱ्यामुळे संवृत (संवृत संचही असेच कापता येतात, ते पायरी ६ मध्ये पाहू). एकाच वेळी दोन्ही! म्हणून परिमेय संख्यांचा संच कोणत्याही दोन बिंदूंच्या मध्ये एखाद्या अपरिमेय संख्येशी फोडता येतो. तरीही तो विविक्त नाही, कारण प्रत्येक अंतरालात अनंत परिमेय संख्या असतात, एकटी संख्या कधीच सुटी निघत नाही.

पायरी ६: संवृत संच कापा, अंतर्भाग कापू नका

संवृत संचांनाही कापण्याचा नियम जसाच्या तसा लागतो: उ-मध्ये संवृत म्हणजे म-मधल्या एखाद्या संवृत संचाचा ‘उ’शी छेद. पूरक संच घेऊन दोन ओळींत सिद्ध होतं.

संवरणही, म्हणजे संचाला सामावणारा सगळ्यात लहान संवृत संचही, नीट कापलं जातं. ‘उ’मधल्या एखाद्या संचाचं उ-मधलं संवरण हवं असेल, तर त्याचं म-मधलं संवरण काढा आणि ‘उ’शी छेद करा. काझिमिएश कुराटोव्स्कीने १९२२ साली संवरणाचे चार नियम मांडून फक्त त्यांच्यावर टोपॉलॉजी उभी करून दाखवली. त्या वाटेने गेलात तरी उपसंचाला हाच वारसा मिळतो.

अंतर्भागाच्या, म्हणजे संचात मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या विवृत संचाच्या, बाबतीत मात्र हे चालत नाही, आणि इथे हमखास चूक होते. ‘म’ प्रतल घ्या, ‘उ’ त्यातला क्षितिजसमांतर अक्ष, आणि त्या अक्षावरचा ० ते १ हा टोकं नसलेला तुकडा. उ-मध्ये तो विवृत आहे, म्हणून त्याचा अंतर्भाग तो स्वतःच. प्रतलात मात्र त्याच्या कुठल्याही बिंदूभोवती चकती काढली की ती अक्षाच्या वर-खाली जाते, म्हणून तिथे अंतर्भाग रिक्त. रिक्त संच कापून काही मिळणार नाही.

मग ‘उ-मध्ये’ हे शेपूट कधी सोडता येतं? ‘उ’ स्वतः म-मध्ये विवृत असेल तर उ-मधला प्रत्येक विवृत संच म-मध्येही विवृत असतो. ‘उ’ संवृत असेल तर संवृत संचांबाबत तसंच. इतर वेळी शेपूट ठेवाच.

पायरी ७: ‘उ’ला आधीच दुसरी टोपॉलॉजी चिकटली असेल तर सावध

वर्तुळ घ्या, प्रतलाचा उपसंच म्हणून. त्यावरचा प्रत्येक बिंदू ० अंशापासून ३६० अंशांपर्यंतच्या, ३६० सोडून, एका कोनाने ओळखता येतो. म्हणजे [०, ३६०) हे अंतराल वर्तुळावर एकास एक बसतं, एकही बिंदू उरत नाही. कोनाला त्या बिंदूवर नेणारं हे फलन संततही आहे. मग दोघांची टोपॉलॉजी एकच म्हणायची का?

अंतरालात [०, १०) विवृत आहे, हे आपण पायरी २ मध्ये पाहिलं. वर्तुळावर त्याचा होतो ० अंशाच्या बिंदूसकट १० अंशांपर्यंतचा कंस. आता ० अंशाच्या बिंदूभोवती प्रतलात एक लहानशी चकती काढा. ती वर्तुळाला दोन्ही बाजूंनी कापते, त्यामुळे ३५९ अंशांच्या आसपासचे बिंदूही तिच्यात येतात. चकती आणखी लहान केली तर ३५९.९ अंशांचे येतील. ते आपल्या कंसात नाहीत, म्हणून तो कंस वर्तुळात विवृत नाही. ३५९, ३५९.९, ३५९.९९ ही क्रमिका वर्तुळावर ० अंशाच्या बिंदूला भिडते. अंतरालात तिला भिडायला कुणीच नाही.

क्रमाचीही अशीच गंमत आहे. [०, १) मध्ये २ हा एक बिंदू घाला. रेषेकडून आलेल्या टोपॉलॉजीत (१.५, २.५) ने कापलं की २ एकटा मिळतो, म्हणून तो विवृत. पण फक्त लहान-मोठेपणाचा क्रम पाहून टोपॉलॉजी बनवली, तर २ च्या अलीकडे लागून [०, १) च्या संख्या येतात आणि मधली मोकळी जागा क्रमाला दिसतच नाही. तिथे २ एकटा विवृत नाही. प्रश्नात ‘उपअवकाश’ (म्हणजे कापून मिळालेल्या टोपॉलॉजीसकट ‘उ’) असं म्हटलं असेल तर कापण्याचा नियम लावा, दुसरा कुठलाही नाही.

पायरी ८: फलनांनी पडताळा

कापण्याचाच नियम का? ‘उ’मधला बिंदू ‘म’मधल्या त्याच बिंदूवर नेणारं समावेश-फलन संतत हवं, ही साधी अपेक्षा आहे. संतत फलनात विवृत संचाची पूर्वप्रतिमा, म्हणजे फलनाने त्या संचात जाणाऱ्या सगळ्या बिंदूंचा संच, विवृत लागते, आणि इथे ‘व’ची पूर्वप्रतिमा म्हणजे व ∩ उ. म्हणजे एवढे तुकडे विवृत हवेतच. कापण्याचा नियम तेवढेच घेतो, एकही जास्त नाही.

याचा रोजचा फायदा असा. ‘म’वरचं संतत फलन ‘उ’पुरतं मर्यादित केलं तरी संतत राहतं. आणि एखादं फलन ‘उ’मध्ये येत असेल तर त्याचं सातत्य तपासताना ते ‘म’मध्ये येतं असं समजून तपासलं तरी चालतं.

पायरी ९: कोणते गुण वारशात येतात ते बघा

फेलिक्स हाउसडोर्फने १९१४ साली बिंदूंच्या सान्निध्यांवरून, म्हणजे बिंदूला सामावणाऱ्या विवृत संचांवरून, अवकाशाची व्याख्या केली. त्यात दोन वेगळ्या बिंदूंना परस्परांपासून अलग अशी सान्निध्यं हवीत, अशी अट होती. हा गुण प्रत्येक उपसंचाकडे जातो: ती सान्निध्यं कापा, अलगच राहतात. अंतर मोजता येणं हाही गुण तसाच उतरतो.

संबद्धता, म्हणजे दोन अलग, अरिक्त विवृत तुकड्यांत न फुटणं, उतरत नाही. रेषा अखंड आहे, पण परिमेय संख्या फुटतात. संहतता म्हणजे अवकाश झाकणाऱ्या विवृत संचांच्या कोणत्याही समूहातले (आच्छादनातले) सांत संचच झाकायला पुरणं; तीही उतरत नाही: [०, १] संहत आहे, त्यातला (०, १) नाही. मात्र संहत अवकाशाचा संवृत उपसंच संहतच असतो.

संहततेबाबत एक गोष्ट खास लक्षात घ्या. ‘उ’वर म-मधल्या विवृत संचांचं आच्छादन घातलं काय किंवा उ-मधल्या तुकड्यांचं घातलं काय, तुकडा आणि त्याचा ‘व’ अदलाबदल करता येतात, म्हणून निकाल एकच येतो. [०, १] रेषेत बसवा, प्रतलात बसवा किंवा त्याचा त्यालाच अवकाश माना, तो संहतच. विवृत असणं मात्र तसं नाही: रेषेत [०, १] विवृत नाही, स्वतःमध्ये आहे.