लाईट जाणार असेल तर घरातल्या आजारी माणसासाठी काय काय तयार ठेवायचं

लाईट सहा-आठ तास जाणार असं कळलं की मोबाईल चार्ज करणं, टॉर्च शोधणं, पाणी भरून ठेवणं हे सगळे करतातच, त्यावर लिहीत नाही. हे ज्यांच्या घरात कुणी ऑक्सिजनवर आहे, अंथरुणाला खिळलेलं आहे किंवा शेजारी कुणी म्हातारं माणूस एकटं राहतं, त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी सिलेंडरची चावी. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन, लाईटवर चालतो म्हणून जोडीला भरलेला सिलेंडर ठेवतात, आणि त्याचा व्हॉल्व्ह उघडायची चावी भलत्याच ड्रॉवरमध्ये पडलेली असते. मागच्या वेळी आमच्याकडे सिलेंडर फुल्ल होता आणि चावी सापडत नव्हती, बाबा पलंगाच्या कडेला वाकून तोंडाने श्वास ओढत होते आणि मी अंधारात पकडीने व्हॉल्व्ह फिरवत होते. चावी सिलेंडरच्याच गळ्यात दोरीने बांधा. नंतर नाही, आत्ता उठून बांधा. मग रेग्युलेटर (सिलेंडरवर बसवायचा, दाब दाखवणारा नळ) लावून एकदा उघडून बघा, दाबाचा काटा कुठे जातो, जोडापाशी फुस्स आवाज येतो का. येत असेल तर वॉशर बदला, पण तेल-ग्रीस चुकूनही लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. किती पुरेल ते काढणं सोपं आहे, सिलेंडरमध्ये 1500 लिटर ऑक्सिजन असेल आणि मिनिटाला 2 लिटर लागत असेल तर 750 मिनिटं, म्हणजे साडेबारा तास, आणि त्यातलेही शेवटचे एक-दोन तास धरू नका.

इन्व्हर्टर आहे म्हणून निवांत बसू नका. मिनिटाला 5 लिटर देणारं कॉन्सन्ट्रेटर मशीन साधारण 300-350 वॅट खातं, 12 व्होल्ट 150 एएचची (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर 1800 वॅट-तासांची, प्रत्यक्षात नवी असली तरी चार तासांच्या आसपास, आणि जुनी असेल तर काहीच भरवसा नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईटसारखीच वीज देणारा, आहे ना तेही बघा. दोन-तीन दिवस आधी मेन स्विच पाडून मशीन चालवून बघा, सिलेंडर हाताशी ठेवूनच. आणि चावी बांधली का?

ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती नको. काडेपेटी, लायटर, सिगरेट काहीच नको, टॉर्चच वापरा.

एअर बेडचा (पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घालतात ती हवेची गादी) पंप बंद पडला की हवा उतरते आणि माणूस खालच्या कडक पलंगावर टेकतं, त्यांना स्वतःला वळता येत नसतं आणि बरेच जण काही बोलतही नाहीत. साधी जाड गादी तयार ठेवा, दर 2 तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा, अलार्म लावून. नेब्युलायझरऐवजी (औषधाची वाफ देणारं मशीन) इनहेलर-स्पेसर (हाताने दाबायचा पंप आणि त्याला जोडायची नळी) चालेल का ते डॉक्टरांना आधीच विचारा. सक्शन, म्हणजे घशातला कफ ओढून काढणं, लागत असेल तर हाताने किंवा पायाने चालणारं मशीन घरात हवंच, त्याला पर्याय नाही.

इन्सुलिनचं लोक उगाच घाबरतात. फ्रिज उघडला नाही तर आत सुमारे 4 तास गारवा राहतो. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिन्स 30 अंशांच्या खाली साधारण चार आठवडे बाहेर चालतात, आपल्या पेनची मुदत आतल्या कागदावर बघून घ्या. थेट बर्फावर मात्र ठेवू नका, एकदा गोठलं की ते फेकायचं.

जनरेटर घरात, बाल्कनीत, जिन्याखाली कुठेही नको. बाहेर, खिडक्यांपासून निदान 6 मीटर लांब. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

एकटं राहणाऱ्यांना नुसता फोन करून भागत नाही, टॉवरची बॅटरी संपली की फोनही जातो. कोण कधी दार वाजवणार ते आधी ठरवा, घराची एक किल्ली त्या माणसाकडे द्या. लिफ्ट बंद असणार, त्यामुळे खाली न्यायची वेळ आली तर खुर्चीवरून कोण उचलणार हेही ठरवा. उकाड्यात म्हाताऱ्यांना तहान कळत नाही, स्वतः पाणी पाजा.

घरातल्या प्रत्येकाला सिलेंडर उघडता आला पाहिजे. चावी कुठे आहे हे फक्त एकाला माहीत असणं म्हणजे कुणालाच माहीत नसणं.

लाईट आली की मशीन लगेच लावू नका, व्होल्टेज जरा स्थिर होऊ द्या. कॉन्सन्ट्रेटरला पूर्ण क्षमतेवर यायला काही मिनिटं लागतात, तोवर सिलेंडर चालू राहू दे. बोटाला ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजनचा आकडा बघा, मगच नळी सिलेंडरवरून मशीनला लावा. रिकामा सिलेंडर त्याच दिवशी भरायला पाठवा.