सोलमध्ये कोरियन बार्बेक्यू खायला जाताय?

शक्यतो एकट्याने जाऊ नका. बहुतेक ठिकाणी मांसाची ऑर्डर किमान दोघांची घेतात. एकाचा वाटा साधारण १५० ते २०० ग्रॅम. मापो किंवा जोंगनो भागात संध्याकाळी गर्दी उसळते, म्हणून थोडं लवकर पोहोचा. चमचे आणि चॉपस्टिक्स बऱ्याचदा टेबलाच्या कडेच्या खणात असतात. वेटरला बोलवायला बेल असते. नसेल तर "योगियो!" अशी खणखणीत हाक मारा, त्यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही.

ऑर्डर देताना आधी साम्ग्योप्सल मागवा. हे डुकराच्या पोटाकडचं, चरबीचे थर असलेलं, बिनमसाल्याचं मांस. सोया सॉस, साखर आणि लसणात मुरवलेली गाल्बी, म्हणजे बरगड्यांचं मांस, त्यानंतर. हा क्रम खरंच पाळा, कारण मांस टेबलावरच्या तव्यावर आपणच भाजायचं असतं, साखर त्यावर करपते आणि पुढच्या प्रत्येक तुकड्याला कडवटपणा चिकटतो. तवा किंवा जाळी काळी पडली की बिनधास्त बदलून मागा. डुक्कर, गाय खात नसाल तर कोंबडीची डाकगाल्बी शोधा. ती मूळची चुनचॉन शहराची, पण सोलमध्येही मिळते. शाकाहारी माणसाची मात्र इथे पंचाईत होते, कारण किमचीतसुद्धा (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं) बहुधा मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते.

आता भाजणं. चिमटा एकाच्याच हातात असू द्या. तवा चांगला तापल्यावर मांसाची अख्खी पट्टी ठेवा, सारखी उलटसुलट करू नका. खालची बाजू सोनेरी झाली की उलटा, दुसरी बाजू रंगली की कैचीने घासाएवढे तुकडे करा आणि कापलेल्या बाजूही शेकून घ्या. डुकराचं मांस आतून गुलाबी राहता कामा नये. तवा उतरता असेल तर चरबी ज्या बाजूला ओघळते तिथे किमची आणि लसूण ठेवा. त्या चरबीत परतलेली किमची मला मांसाहूनही जास्त आवडते! एका वेळी थोडंच मांस ठेवा. तवा भरून टाकला की मांस भाजलं जात नाही, स्वतःच्या पाण्यात शिजतं, आणि निम्मं खाईपर्यंत उरलेलं वातड होतं.

लेट्यूसचं पान तळहातावर घ्या, वर पेरिला या सुगंधी वनस्पतीचं पान, मांस, भाजलेला लसूण आणि चिमूटभर साम्जांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची घट्ट तिखट चटणी. विड्यासारखी घडी घाला आणि एका घासात तोंडात टाका. अर्धं तोडलं की सगळं सांडतं, म्हणून पान लहानच भरा. बाजूच्या वाट्यांतल्या भाज्या आणि लोणची संपली की पुन्हा मिळतात, त्याचे पैसे नाहीत.

सोजू ही कोरियन दारू घेणार असाल तर दुसऱ्याचा पेला तुम्ही भरा, तुमचा तो भरेल. वडीलधाऱ्यांना दोन्ही हातांनी ओता.

शेवटी पोटात जागा ठेवून थंडगार नेंगम्योन शेवया किंवा ट्वेन्जांग चिगे (आंबवलेल्या सोयाबीनचा गरम रस्सा) आणि भात मागवा. बिल काउंटरवर भरायचं. टिप ठेवायची पद्धत नाही.