पिस्तूल जड लागतंय? आधी या चुका टाळा

"सर, लई जड हाय हो, हलकं नाही का एखादं?" संभाजीनगरला नेमबाजीच्या रेंजवर नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न ठरलेला. १० मीटर एअर पिस्तूल असतं साधारण किलोभर, म्हणजे लिटरच्या पाण्याच्या बाटलीएवढं. टँकरवरची भरलेली घागर कमरेवर घेऊन आपल्याकडच्या बाया दोन गल्ल्या सहज चालतात. पण ती किलोची बाटली एका हातात, कोपर न वाकवता, खांद्याच्या उंचीवर धरून बघा. मिनिटभरात खांदा बोलायला लागतो. वजन अंगापासून लांब गेलं की भारी पडतं.

म्हणून हलकं पिस्तूल घेऊ नका. उचलायला सोपं, पण ट्रिगर दाबताना बोटाचा जरासा हिसका बसला की नळी हलते. जड पिस्तुलात तो हिसका बराचसा विरतो. आणि १० गुणांचं वर्तुळ असतं ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं.

उलटी चूकही तितकीच होते. नियमात १५०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे ना, मग लाव नळीच्या टोकाला वजनं! परभणीच्या एका पोराने तेच केलं. पहिले वीस शॉट झकास, चाळिसाच्या पुढे सगळे खाली. हा आपला साइट, म्हणजे नेम जुळवायची खाच, फिरवतोय. शेवटी वजनं काढायला लावली, तर शॉट वर जायला लागले, कारण साइट आधीच फिरवून ठेवलेली. ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात. वजन पहिल्या नाही, शेवटच्या सिरीजच्या, म्हणजे शेवटच्या दहा शॉटच्या, हिशेबाने ठरवा. शॉट सुरुवातीपासूनच खाली जात असतील तर मात्र दोष बहुधा ट्रिगरचा.

सगळ्यात नडते ती चूक म्हणजे नेम धरून बसणं. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या. त्याचे गुण कुणी कापत नाही. पण आपली पोरं हट्टी, पंधरा सेकंद थरथरत धरतील आणि मग "पिस्तूल जड" म्हणतील.

ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, सैल असली तरी पिस्तूल जड वाटतं, कारण बोटं उगाच आवळली जातात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तळहात घामेजतो तेव्हा तर विचारूच नका. पोकळी दिसली तर वूड पुट्टी भरून घ्या, टोचतं तिथे पॉलिश पेपर मारा.

आणि नियमात ५०० ग्रॅम दिसलं की ते पिस्तुलाचं वजन समजू नका; तो आकडा एअर पिस्तुलाच्या ट्रिगरच्या किमान ताणाचा. २५ मीटर पिस्तूल प्रकारात तो १००० ग्रॅम. यात घोळ घालू नका.

हातात ताकद यावी म्हणून करायच्या सरावाला कोरी भिंत पुरते. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासून पंधरा सेकंद धरा, अर्धा मिनिट विसावा, असं दहा वेळा, एक दिवसाआड. मनगटात कळ आली तर तिथेच थांबा. घरी पिस्तूल नसेल तर बाटली चालते, झाकण तेवढं घट्ट लावा.