मरळ कधीच न बघितलेली रोहूची पिल्लं: प्रदर्शनाच्या प्रयोगाची तयारी

भाचीचा विज्ञान प्रदर्शनाला प्रयोग आहे, आयुष्यात मरळ (दुसरे मासे खाणारा मासा) न बघितलेल्या रोहूच्या बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाला, मरळ म्हणजे धोका हे कळतं कसं, म्हणून तयारी लिहून ठेवतोय. काचेच्या दोन टाक्या, त्यात नळाचं पाणी 24 तास आधी भरून उघडं ठेवायचं म्हणजे क्लोरीन निघून जातं, आणि लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हवाच. टाकीमागं पांढरा कागद लावा, पुढं उभं राहून हात हलवला तरी पिल्लं बिथरतात आणि मग ती कशाला घाबरली तेच कळत नाही.

पिल्लं हॅचरीतूनच आणायची, नदीतली नकोत, नदीतल्यांनी मरळ ओळखलेली असू शकते. शिंगणापूरला मामांच्या विहिरीत मरळ आहे, ती एका बादलीत चार-पाच दिवस फक्त गांडुळांवर ठेवायची, मासा अजिबात द्यायचा नाही. हे लई महत्त्वाचं, कारण मासे खाल्लेल्या मरळीच्या पाण्यात खाल्लेल्या माशांचा वास उतरतो आणि त्या वासानंच पिल्लं घाबरतात, मरळीला ओळखून नव्हे.

आता मुख्य गोष्ट. रोहूसारख्या माशांच्या कातडीत खास पेशी असतात, कातडी फाटली की त्यातलं द्रव्य पाण्यात मिसळतं आणि बाकीचे मासे एकदम तळाला जातात, एकमेकांना चिकटून थांबतात, खाणं सोडतात. हे कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 मध्ये दाखवलं, तेच ज्यांना मधमाश्यांवरच्या कामासाठी 1973 चं नोबेल मिळालं. आपण त्यासाठी मासा मारायचा नाही, पिशवीतून आणताना एखादं पिल्लू मरतंच, ते ताजं असतानाच त्याची कातडी पाण्यात चुरून गाळून घ्या. एका टाकीत हे पाणी आणि मरळीचं पाणी एकत्र, दुसरीत नुसतं मरळीचं, सिरिंजनं हळूहळू. मग दोन्हींचं पाणी बदला, दुसऱ्या दिवशी दोन्हींत फक्त मरळीचं पाणी सोडा आणि मोबाईलवर शूट करा. पहिल्या टाकीतली पिल्लं एका धड्यातच शिकलेली असतात. पण आधी सराव म्हणून रोज मरळीचं पाणी सोडत बसू नका, धोका न होता तोच वास सारखा आला तर तो निर्धोक आहे असं पिल्लं धरून चालतात आणि मग शिकायला जड जातं.

ऑक्सिजनच्या पिशव्या परतीसाठी पण जपून ठेवा, मरळ मामांच्या विहिरीत परत, पिल्लं काकांच्या शेततळ्यात, रंकाळ्यात काही सोडायचं नाही.