अडेनियमला पावसातून आत घ्या

मृग लागला की आपण कुंड्या गॅलरीच्या कडेला सरकवतो, झाडं जरा न्हाऊ देत म्हणून. जास्वंदीला, मोगऱ्याला ते मानवतं. अडेनियमला मात्र या दिवसांत छपराखाली घ्या. त्याचं मूळ घर आफ्रिकेचा कोरडा पट्टा आणि अरबस्तान. पाणी साठवायला त्याने बुंधाच फुगवून ठेवलाय, आणि पावसाळ्यात सडतो तो नेमका हाच.

‘वाळवंटी झाड, पाणी कमी’ हे सगळे ऐकून असतात, पण अर्धंच खरं आहे. एप्रिल-मेच्या उन्हात, निचरा चांगला असेल तर ते रोजचं पाणीही आनंदाने पितं. उन्हाळ्यात त्याला तहानलेलं ठेवायचं आणि जुलैत झडीत भिजवायचं, हा उलटा कारभार आपणच करतो.

छप्पर नसेल तर कुंडी दोन विटांवर ठेवा आणि खालची ताटली काढा. गेल्या आषाढात माझं सात वर्षांचं झाड ताटलीत साचलेल्या पाण्यानेच गेलं. वरून पानं हिरवीगार होती, म्हणून बुंध्याकडे बघितलंच नाही. आत घेतलेल्या झाडालाही माती वरून दोन बोटं कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. कोकण-गोव्याच्या हवेत त्याला आठवडाही लागेल.

दर चार-पाच दिवसांनी बुंधा अंगठ्याने दाबून पाहा. कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला तर ठीक. सगळीकडून सारखाच सैल लागला आणि माती कोरडी असेल, तर ती तहान. एकाच जागी पिकल्या चिकूसारखा दबला, साल तपकिरी झाली, की कूज. मग वाट पाहू नका. झाड उपटून मुळं झटका, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कुजका भाग पांढरा, स्वच्छ गर दिसेपर्यंत कापा. तपकिरी ठिपकाही ठेवू नका. कापावर बुरशीनाशकाची पूड लावून आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर सुकवा. नंतर कोरड्या मातीत लावा आणि पुढचा आठवडा पाणी देऊ नका.

माती म्हणजे निम्म्याहून जास्त जाड रेती आणि विटांचे तुकडे, बाकी कुजलेलं शेणखत. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती कुंडीत अजिबात नको. नुसतं कोकोपीटही, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पावसाळ्यात घात करतं.

पानं रातोरात गायब झाली तर खाली काळ्या-हिरवट लेंड्या शोधा. डोक्यामागे दोन निळे डोळे असलेली जाड हिरवी अळी वर असणारच. कण्हेरीवरची हीच ती, आणि अडेनियम कण्हेरीच्याच कुळातलं. हाताने वेचा, फवारणीची गरज नाही. चीक मात्र विषारी आहे. आफ्रिकेत तो बाणांना लावत. छाटणी केली की हात धुवा, आणि शेळ्या-वासरं असतील त्या अंगणात कुंडी उंचावर ठेवा.

खत आता थांबवा. घट बसले, ऊन सरळ पडू लागलं की हळूहळू बाहेर काढा. छाटणी आणि कुंडीबदल फेब्रुवारीत, तेव्हा बुंधा इंचभर वर उचलून लावा.