जुन्या मियाटाचं घरच्या घरी काम: आधी ब्रेक, मग गिअर, हौस त्यानंतर

माझदाने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये एमएक्स-५ मियाटा आणली. दोन सीट, उघडं छत, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि वजन टनाच्या आत. अमेरिकेत विकलेल्या पहिल्या गाड्यांचं १.६ लिटरचं इंजिन ११६ हॉर्सपॉवर द्यायचं. हा आकडा आज किरकोळ वाटतो, पण इतक्या हलक्या गाडीला तो भरपूर होतो. १९९७ पर्यंत चाललेल्या त्या पहिल्या पिढीच्या गाड्या आता तिशीच्या आसपास आहेत. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आपल्या लोकांना हौसेची गाडी घ्यायची असेल आणि स्वतः पाना हातात धरायचा असेल, तर यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं आणि बहुतेक ठिकाणी हात पोचतो.

गाडी घरी आली की नवा मालक पहिल्या आठवड्यात टर्बो (इंजिनाची ताकद वाढवणारं यंत्र) आणि गाडी खाली बसवणारं सस्पेन्शन शोधायला लागतो. माझं मत याच्या अगदी उलट आहे. तीस वर्षांत जे झिजलं, कडक झालं, चोंदलं, ते आधी पूर्ववत करा. या गाडीचं पहिलं आणि सगळ्यात मोठं अपग्रेड तेच आहे.

गाडी उचलणं

सपाट, कडक जमीन हवी. हॅंडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ओट (घरंगळू नये म्हणून ठोकळे) लावा. चाकांचे नट (२१ मिमीचा सॉकेट) गाडी खाली असतानाच थोडे सैल करा. पुढून उचलायची असेल तर जॅक पुढच्या क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) मध्यावर आणि मागून उचलायची असेल तर डिफरन्शिअलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याच्या) खाली लावतात. मग दोन्ही बाजूंना जॅक स्टॅंड द्यायचे. दाराखालच्या पत्र्याच्या उभ्या कडेवर वजन द्यायचं झालं तर खाच असलेला रबरी ठोकळा मध्ये घ्या, नाहीतर ती कड वाकते आणि तिथून गंज धरतो. स्टॅंड लागले की गाडी हाताने जोरात हलवून बघा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. यात कुठलाही अपवाद नाही.

ब्रेक

सुरुवात इथून. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरलेल्या ऑइलचा तो १५५ पर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइलमध्ये वाफ झाली, की पेडल सरळ तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ चालेल. नुसतं डॉट ५ घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं आणि या ऑइलशी जमत नाही.

आधी पॅड, म्हणजे डिस्कवर घासून चाक थांबवणारे तुकडे. पुढचं काम सोपं आहे: चाक काढा, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सोडवा आणि तारेने स्प्रिंगला टांगून ठेवा. तो रबरी होजवर लोंबकळता कामा नये. जुने पॅड काढा, सी-क्लॅम्पने पिस्टन हळूहळू आत ढकला. हे करताना बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीवर नजर असू द्या. ऑइल वर येतं आणि सांडलं तर रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. ब्रेक क्लीनर मारा आणि पुसून घ्या.

मागच्या ब्रेकला बरेच जण फसतात. पुढच्या चाकांना ओट असताना आधी हॅंडब्रेक सोडा आणि गाडी न्यूट्रलमध्ये आणा. इथे पिस्टनला हॅंडब्रेकची यंत्रणा जोडलेली आहे, त्यामुळे क्लॅम्पने जोर लावून तो आत जात नाही, उलट आतली यंत्रणा मोडते. कॅलिपरच्या आतल्या बाजूला एक झाकणवजा बोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिमीच्या अॅलन कीचं (षटकोनी चावीचं) भोक दिसतं. की घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, पिस्टन स्वतःहून मागे सरकतो. नवे पॅड बसवा, कॅलिपर जागेवर आणा आणि तीच की घड्याळाच्या दिशेने फिरवत न्या. पॅड डिस्कला टेकले, चाकाचा हब हाताने फिरेनासा झाला, की थांबा आणि एक तृतीयांश फेरा मागे घ्या. हब मोकळा फिरायला हवा, पॅडची किंचित घासण ऐकू आली तरी चालेल. झाकणाचा बोल्ट पुन्हा लावा. ‘मियाटाचा हॅंडब्रेक धरतच नाही’ ही तक्रार फार जुनी आहे आणि बऱ्याच वेळा कारण एवढंच असतं की हे अॅडजस्टमेंट कुणी केलेलंच नसतं. केबल ताणून हॅंडब्रेक घट्ट करणं हा उपाय नव्हे.

मग ब्रेकची एअर काढायची. घरातलं कुणीतरी एक माणूस पेडलवर बसवा. सीलबंद नवी बाटली, निपलवर (कॅलिपरवरच्या एअर काढायच्या छोट्या स्क्रूवर) घट्ट बसणारी पारदर्शक नळी, तळाला थोडं ऑइल असलेली रिकामी बाटली आणि निपलला बसणारा रिंग पाना एवढंच लागतं.

१. टाकीतलं जुनं काळपट ऑइल सिरिंजने ओढून घ्या आणि नवं भरा. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका.

२. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरपासून) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा. डाव्या स्टिअरिंगच्या अमेरिकी गाडीत ते मागचं उजवं. मग मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं.

३. आतल्या माणसाने पेडल हळू दाबून ‘दाबलंय’ म्हणायचं. तुम्ही निपल पाव फेरा उघडायचा. पेडल खाली जातं, नळीतून ऑइल आणि बुडबुडे येतात. निपल बंद करायचा आणि मगच ‘सोड’ म्हणायचं. हा क्रम उलटा झाला तर हवा परत आत जाते.

४. पाच-सहा वेळा झालं की टाकी बघा, भर घाला. स्वच्छ, फिकट, बुडबुडे नसलेलं ऑइल यायला लागलं की पुढच्या चाकाकडे जा.

जुन्या मास्टर सिलिंडरबद्दल एक सांगतो, कारण पुस्तिका वाचून हे लक्षात येत नाही. रोजच्या वापरात पेडल कधी तळापर्यंत जात नाही, म्हणून सिलिंडरच्या त्या न वापरलेल्या भागात गंज आणि गाळ बसलेला असतो. एअर काढताना पेडल थेट तळाला नेलं तर रबरी सील त्या खरखरीत भागावर घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा एक तुकडा ठेवा. पेडल तिथेच थांबेल आणि मास्टर सिलिंडर वाचेल.

चाकं लावा, गाडी खाली घ्या, नट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) ८८ ते ११८ न्यूटन-मीटरच्या दरम्यान आवळा. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे असतात, पहिल्या एक-दोन दाबांत ब्रेक लागत नाही. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा व्यवस्थित ब्रेक लावा, पूर्ण न थांबता. नंतर ब्रेक न लावता काही मिनिटं चालवून डिस्क थंड होऊ द्या.

भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली गेली नाही. तरी पुढचे डिस्क पॅड आणि एअर काढण्याची पद्धत आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना सारखीच लागू पडते. फेरफाराबाबत मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा: कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी केली तर नोंदणीचा प्रश्न उभा राहतो.

गिअरची दांडी

या कामाला खर्च अगदी थोडा आणि फरक मात्र लगेच हाताला कळतो. मियाटाचा गिअर नवा असताना मनगटाच्या झटक्यात पडायचा. तुमच्या गाडीत दांडी ढिली वाटते, केबिनमध्ये दोन सीटमधल्या उंचवट्यातून गरम हवा येते, गिअरचा आवाज मोठा येतो? मग दांडीभोवतीचं खालचं छोटं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेलं आहे असं समजा.

गाडी न्यूट्रलमध्ये. गिअर नॉब फिरवून काढा, मधला कन्सोल सोडवा, वरचं मोठं रबरी बूट उचला. त्याखाली दांडीला धरून ठेवणारे तीन बोल्ट आहेत. ते काढले की दांडी सरळ वर येते आणि खाली एक छोटी विहीर दिसते. तिच्यात स्वतःचं वेगळं ऑइल असतं, गिअरबॉक्सच्या ऑइलपासून अलग. बूट फाटलेलं असेल तर ते ऑइल बहुतेक उडून गेलेलं, तळाशी थोडा काळा गाळ. तो सिरिंजने ओढा, फडक्याने पुसा. दांडीच्या टोकाला एक प्लास्टिकची वाटी असते, ती चिरलेली किंवा तुकडे झालेली सापडते. तिचे तुकडे विहिरीत राहू देऊ नका. नवी वाटी, नवं छोटं बूट, आणि विहिरीत ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल, शंभर मिलिलिटरच्या आतच. उघडी विहीर असताना वर बोल्ट किंवा वॉशर ठेवू नका.

पाणी जिथून जातं ती भोकं

मियाटा इंजिनामुळे मरत नाही, गंजामुळे मरते. कापडी छतावरचं पाणी सीटच्या मागे एका पन्हळीत जमतं आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून खाली, मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. पाइनची पानं, माती, छताचे धागे यांनी ही भोकं चोंदतात. मग पाणी आत तुंबतं आणि दाराखालचा पत्रा आतून कुजतो, बाहेरून रंगाचा फुगा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

छत खाली करा, सीट पुढे घ्या, कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूच ओता आणि खाली वाकून बघा. धार आली तर ठीक. थेंब थेंब आलं तर गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी वरून घालून फिरवा. टोकदार तार नको, आतली प्लास्टिकची नळी फाटते. वर्षातून दोनदा, पानगळीनंतर नक्की. बर्फात मीठ टाकणाऱ्या राज्यांत राहत असाल तर हिवाळा संपताच खालून नळीने धुवा.

भोकांशिवाय आणखी दोन कामं. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) ६०,००० मैलांना, म्हणजे साधारण ९६,००० किलोमीटरला बदलायचा असतो. नोंद सापडत नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि त्याच वेळी पाण्याचा पंपही बदला. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, पण गाडी रस्त्यातच उभी राहते. क्लचचं पेडल मऊ लागत असेल तर स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सजवळ क्लच ढकलणारा) गळतोय का ते बघा. मास्टर आणि स्लेव्ह जोडीने बदलणं चांगलं.

आता हौस

पहिला पैसा टायरवर. मूळ माप १८५/६० आर १४. दहा वर्षांचं टायर खाचा शिल्लक असल्या तरी कडक झालेलं असतं. बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. दुसरा पैसा चांगल्या अलाइनमेंटवर (चाकांचे कोन बसवण्यावर), आणि ते गॅरेजमध्येच करून घ्या. मियाटात चारही चाकांचे कोन बदलता येतात, म्हणून जाणता माणूस शोधणं महत्त्वाचं. त्याआधी सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) तपासा, ढिल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. मग ब्रेकच्या जुन्या रबरी होजच्या जागी स्टीलची जाळी असलेले होज. पेडल जास्त ठाम लागतं. शॉक अॅब्सॉर्बर त्यानंतर. टर्बोचा विचार हे सगळं होऊन एक हंगाम गाडी चालवल्यावर करा.

ट्रॅकवर जायचं असेल तर रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पाइपची कमान) लागतो, आणि तो बसवल्यावर तुमची उंची मोजावी लागते. हेल्मेट घालून, पट्टा लावून सीटवर बसा. कुणाला तरी झाडूची सरळ काठी रोल बारच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत ठेवायला सांगा. हेल्मेट काठीच्या खाली राहिलं पाहिजे. टेकत असेल तर सीटचा फोम कमी करा किंवा खाली बसणारी सीट घ्या, आणि काठी पुन्हा ठेवून बघा.