सोप वेब सेवा पोहोचते आहे का, हे पायरीपायरीने कसे तपासावे

सोप म्हणजे दोन प्रोग्रामनी नेटवर्कवरून एक्सएमएल या टॅगांनी बांधलेल्या मजकुरात एकमेकांशी बोलायची पद्धत. अशा सेवेबद्दल ‘सर्व्हिस डाउन आहे’ एवढाच निरोप आला तर त्यातून काहीच कळत नाही. सर्व्हरचे नाव सापडत नसेल, पोर्ट (सर्व्हरवर सेवा जिथे ऐकते तो क्रमांकाचा दरवाजा) बंद असेल, सर्टिफिकेट (सर्व्हरचे ओळखपत्र) पटत नसेल, किंवा सेवा चोख उत्तर देत असेल आणि ते उत्तरच आपल्या प्रोग्रामला झेपत नसेल. प्रत्येक बिघाडाचा धनी वेगळा असतो: कुठे नेटवर्क टीम, कुठे सेवा चालवणारी संस्था, कुठे आपणच. म्हणून तपासणी खालून वर करायची आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढायची नाही.

उदाहरणासाठी एक खरी सेवा घेऊ. युरोपियन कमिशनची व्हीआयईएस ही सेवा युरोपीय संघातल्या कंपनीचा व्हॅट क्रमांक वैध आहे का, ते सांगते. ती फुकट आहे, कोणालाही वापरता येते आणि सोपवर चालते. युरोपातल्या ग्राहकांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पुण्या-मुंबईच्या टीमचा तिच्याशी कधी ना कधी संबंध येतोच. शिवाय तिची वेगळी चाचणी सेवाही आहे, त्यामुळे हात बसवायला ती उत्तम. खाली कमांडची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची.

आधी पत्ता बरोबर आहे का ते बघा

सोप सेवेचे दोन पत्ते असतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. एक पत्ता डब्ल्यूएसडीएल फाइलचा. सेवेत कोणती ऑपरेशन्स आहेत आणि त्यांना काय द्यायचे, हे ती फाइल सांगते. दुसरा पत्ता एंडपॉइंटचा, म्हणजे प्रत्यक्ष विनंती जिथे पाठवायची तो. डब्ल्यूएसडीएल उघडा आणि अगदी तळाशी जा. तिथे ‘सर्व्हिस’ या भागात ‘अॅड्रेस’ नावाचा टॅग असतो आणि त्याच्या ‘लोकेशन’मध्ये एंडपॉइंट लिहिलेला असतो. तो अक्षर अन् अक्षर वाचा.

लोड बॅलन्सरच्या (विनंत्या अनेक मशिनांत वाटणाऱ्या यंत्रणेच्या) मागे होस्ट केलेल्या सेवांमध्ये इथे बरेचदा आतल्या मशिनचे नाव छापलेले दिसते, जे बाहेरच्या जगाला माहीतच नसते. कधी पत्ता एचटीटीपीएसऐवजी साध्या एचटीटीपीने सुरू होतो. मग सर्व्हर ३०१ किंवा ३०२ हा उत्तराचा कोड देऊन नव्या पत्त्याकडे पाठवतो, आणि तिकडे वळताना बरेच क्लायंट (विनंती पाठवणारे प्रोग्राम) पोस्टचे (मजकूर सोबत नेणाऱ्या विनंतीचे) गेट (नुसते मागणारी विनंती) करतात. विनंतीचा मजकूर वाटेतच गळतो आणि सेवा भलतीच तक्रार करते. असे असेल तर डब्ल्यूएसडीएलमधला पत्ता बाजूला ठेवून आपल्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये बरोबर एंडपॉइंट स्वतः द्यावा.

सगळ्या चाचण्या जिथे प्रोग्राम चालतो त्याच मशिनवर करा. स्वतःच्या लॅपटॉपवरून सेवा उघडली म्हणजे सर्व्हरवरूनही उघडेल असे नाही. दोघांचे फायरवॉल, प्रॉक्सी (बाहेर जाणाऱ्या विनंत्या पुढे नेणारा मधला सर्व्हर) आणि बाहेर दिसणारा आयपी वेगळे असू शकतात.

नाव आणि पोर्ट

एनएसलुकअप या कमांडला सर्व्हरचे नाव द्या. व्हीआयईएससाठी ते ‘ईसी डॉट युरोपा डॉट ईयू’ आहे. आयपी पत्ता मिळाला तर नाव सापडले. सार्वजनिक सेवेसाठी १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आला, तर तुमच्या ऑफिसचा डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा) तुम्हाला आतच कुठेतरी पाठवतो आहे. इथे एक बारकावा आहे. एनएसलुकअप थेट डीएनएसला विचारते, होस्ट्स फाइल (मशिनवरचीच नावे आणि आयपींची यादी) बघत नाही. जुन्या सर्व्हरची नोंद होस्ट्स फाइलमध्ये राहून गेली असेल तर एनएसलुकअप बरोबर पत्ता दाखवेल आणि प्रोग्राम मात्र जुन्याच ठिकाणी जात राहील. त्यासाठी पिंग मारून पहिल्या ओळीतला आयपी ताडून बघा.

पिंगचा उपयोग एवढाच. पिंगला उत्तर आले नाही म्हणून सेवा बंद समजू नका, कारण कित्येक सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. उत्तर आले तरी त्यावरून सेवा चालू असल्याचे सिद्ध होत नाही.

आता पोर्ट. एचटीटीपीएस असेल तर ४४३, साधे एचटीटीपी असेल तर ८०, आणि पत्त्यात कोलननंतर आकडा दिला असेल तर तोच. विंडोजवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड सर्व्हरचे नाव आणि पोर्ट घेते आणि शेवटी ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ सांगते. लिनक्सवर एनसी चालते. जोडणी झाली नाही तर ती कशी झाली नाही, याकडे नीट लक्ष द्या. लगेच ‘रिफ्यूज्ड’ आले तर समोरच्या मशिनपर्यंत वाट आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सेवा थांबली असेल किंवा पोर्ट चुकले असेल. बराच वेळ काहीच न होता ‘टाइमआउट’ आला तर बहुधा मधल्या फायरवॉलने पॅकेट गिळले. पहिल्यासाठी सेवा चालवणाऱ्यांना गाठायचे, दुसऱ्यासाठी आधी आपल्या नेटवर्कवाल्यांना.

ऑफिसात बाहेर जायला प्रॉक्सीच असेल तर ही थेट चाचणी फसेल आणि तरीही सेवा मिळेल. ब्राउझर प्रॉक्सीचे सेटिंग आपोआप उचलतो. पण पार्श्वभूमीला दुसऱ्या खात्यावर चालणारी विंडोज सर्व्हिस किंवा जावा प्रोग्राम ते उचलेलच असे नाही. ‘ब्राउझरमध्ये दिसते, प्रोग्राममध्ये नाही’ या तक्रारीच्या मुळाशी फार वेळा हेच निघते. ४०७ हा कोड आला तर प्रॉक्सी युजरनेम-पासवर्ड मागते आहे.

सर्टिफिकेट

इथून पुढे कर्ल हे साधन लागेल. विंडोज १० मध्ये ते २०१८ पासून सोबतच येते. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये मात्र ‘कर्ल’ एवढेच लिहिले तर वेगळीच कमांड चालते, म्हणून ‘कर्ल डॉट ईएक्सई’ असे पूर्ण लिहावे. एक डॅश आणि छोटा व्ही जोडला की जोडणीचा संवाद ओळीने दिसतो: कोणता आयपी आणि, कर्ल कसे बनवले आहे त्यानुसार, टीएलएसची (एचटीटीपीएसमागच्या सांकेतिक जोडणीची) कोणती आवृत्ती, सर्टिफिकेट कोणाच्या नावाचे आणि ते कधी संपते.

कर्लचे एरर क्रमांक लक्षात ठेवले तर काम फार हलके होते. ६ म्हणजे नाव सापडले नाही, ७ म्हणजे जोडणी झाली नाही, २८ म्हणजे वेळ संपली, ३५ म्हणजे टीएलएसची बोलणी फिसकटली आणि ६० म्हणजे सर्टिफिकेटवर विश्वास बसला नाही.

६० आला आणि ब्राउझरमध्ये मात्र तीच सेवा विनातक्रार उघडते, असे झाले तर बहुधा सर्व्हरने मधले सर्टिफिकेट (त्याचे सर्टिफिकेट विश्वासू संस्थेशी जोडणारे) पाठवलेले नसते. बरेच ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात; कर्ल आणि जावा सहसा आणत नाहीत. जावाची विश्वासू सर्टिफिकेटांची यादीही स्वतःची असते, ‘सीएसर्ट्‌स’ नावाच्या फाइलमध्ये. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सर्टिफिकेट घातले तरी जावा प्रोग्राम अडूनच राहतो. सर्टिफिकेट देणाऱ्याच्या जागी तुमच्याच कंपनीचे किंवा फायरवॉलचे नाव दिसले तर ऑफिसचा फायरवॉल मध्ये बसून सगळे उघडून बघतो आहे.

३५ आला तर क्लायंटचे वय बघा. जावा ७ आणि डॉटनेट फ्रेमवर्क ४.५ हे काही न सांगता सोडले तर टीएलएस १.० ने बोलू पाहतात, आणि आजचे बहुतेक सर्व्हर १.२ च्या खाली उतरत नाहीत. सर्टिफिकेटची तपासणीच बंद करण्याचा एक पर्याय कर्लमध्ये आहे. निदानापुरता तो वापरा, पण प्रोग्राममध्ये तसा कोड कायमचा ठेवू नका. कर क्रमांक, पगार, रुग्णांची माहिती अशा गोष्टी या सेवांमधून जातात. समोर खरा सर्व्हर आहे की तोतया, हे न बघता त्या पाठवणे मला अजिबात मान्य नाही.

डब्ल्यूएसडीएल उघडते का

व्हीआयईएसची फाइल शेवटी ‘डॉट डब्ल्यूएसडीएल’ असलेल्या पत्त्यावर मिळते. इतर बऱ्याच सेवांना एंडपॉइंटपुढे प्रश्नचिन्ह आणि ‘डब्ल्यूएसडीएल’ जोडावे लागते. कोड २०० आला एवढ्यावर थांबू नका, मजकूरही बघा. सुरुवातीला ‘डेफिनिशन्स’ हा टॅग दिसायला हवा. त्याऐवजी एचटीएमएल पान आले तर ते लॉगिनचे किंवा देखभालीच्या सूचनेचे असणार, आणि निगराणीचे कित्येक प्रोग्राम त्यालाच ‘सगळे ठीक’ समजून हिरवा दिवा लावतात.

उलटही घडते. काही संस्था सुरक्षेसाठी डब्ल्यूएसडीएल बंद ठेवतात आणि तिथे ४०३ किंवा ४०४ मिळतो, पण सेवा धडधाकट असते. एंडपॉइंट नुसता ब्राउझरमध्ये उघडल्यावर ४०५ आला तर घाबरू नका. तिथे गेट चालत नाही, पोस्ट करा, एवढेच सर्व्हर सांगतो आहे.

खरी परीक्षा: एक विनंती पाठवणे

डब्ल्यूएसडीएल मिळाली म्हणजे एक फाइल मिळाली. मागचा प्रोग्राम आणि डेटाबेस जागे आहेत का, ते खरी विनंती पाठवल्यावरच कळते. सर्वात सोपा मार्ग सोपयूआय या मोफत साधनाचा. नवा प्रोजेक्ट उघडून डब्ल्यूएसडीएलचा पत्ता द्या, की ते प्रत्येक ऑपरेशनसाठी नमुना विनंती तयार करून देते. प्रश्नचिन्हांच्या जागी मूल्ये भरायची आणि हिरवा बाण दाबायचा.

व्हीआयईएसच्या चाचणी सेवेत ‘चेकव्हॅट’ हे ऑपरेशन घ्या. ‘कंट्रीकोड’मध्ये देशाची दोन अक्षरे आणि ‘व्हॅटनंबर’मध्ये १०० भरा. उत्तरात ‘व्हॅलिड’ टॅगमध्ये ‘ट्रू’ येईल. २०० भरले तर ‘फॉल्स’. ३०१ भरले की ‘एमएस अनअव्हेलेबल’ असा फॉल्ट (सोपचा त्रुटी-संदेश) मुद्दाम मिळतो, ३०२ ला ‘टाइमआउट’. आपला प्रोग्राम अशा वेळी काय करतो, हे खरा बिघाड होण्याआधीच पाहायची ही सोय आहे, आणि प्रत्येक सेवेने अशी सोय द्यायला हवी असे मला मनापासून वाटते.

‘एमएस’ म्हणजे सदस्य देश. व्हीआयईएसकडे सगळे क्रमांक साठवलेले नसतात. ती तुमचा प्रश्न त्या-त्या देशाच्या डेटाबेसकडे पोहोचवते. त्यामुळे जर्मनीचा डेटाबेस देखभालीसाठी बंद असला तरी फ्रान्सचे क्रमांक व्यवस्थित तपासले जातात. एंडपॉइंट चालू, नेटवर्क चालू आणि तरीही उत्तर नाही, ही स्थिती प्रोग्रामने ‘क्रमांक अवैध’ अशी नोंदवली तर चांगल्या ग्राहकाचे बिल विनाकारण अडकते. खऱ्या सेवेवर तपासताना ग्रीससाठी ‘ईएल’ लागते. ब्रिटनचे ‘जीबी’ १ जानेवारी २०२१ पासून चालत नाही, उत्तर आयर्लंडसाठी ‘एक्सआय’ आहे. देशाची अक्षरे वेगळी दिली असल्याने क्रमांकाच्या आधी ती पुन्हा लिहू नका.

कर्लने पाठवायचे असेल तर विनंतीचा एक्सएमएल फाइलमध्ये साठवा आणि ‘डेटा-बायनरी’ या पर्यायापुढे अॅटचे चिन्ह लावून फाइलचे नाव द्या. ते चिन्ह विसरले तर फाइलमधल्या मजकुराऐवजी फाइलचे नावच पाठवले जाते. एक्सएमएलच्या पहिल्या ओळीआधी मोकळी जागा किंवा रिकामी ओळ राहिली तरी सेवा विनंती नाकारू शकते.

मग हेडर, म्हणजे विनंतीबरोबर जाणाऱ्या माहितीच्या ओळी. सोप १.१ मध्ये कंटेंट-टाइप ‘टेक्स्ट, तिरकी रेघ, एक्सएमएल’ असतो आणि सोपअॅक्शन नावाचे वेगळे हेडर लागते. त्याचे मूल्य डब्ल्यूएसडीएलमध्ये दिलेले असते आणि ते रिकामे असले तरी अवतरणचिन्हांसह पाठवावे. सोप १.२ मध्ये कंटेंट-टाइप ‘अॅप्लिकेशन, तिरकी रेघ, सोप प्लस एक्सएमएल’ होतो, सोपअॅक्शनचे हेडर जाते आणि लिफाफ्याची (विनंतीच्या सर्वांत बाहेरच्या टॅगची) नेमस्पेसही (आवृत्ती ओळखवणारे नावही) बदलते. दोन्हींची सरमिसळ झाली की ४१५ किंवा ‘व्हर्जन मिसमॅच’ मिळतो.

उत्तर वाचताना आधी मजकूर, मग कोड. सोप १.१ मध्ये फॉल्ट ५०० या कोडसह येतो, त्यामुळे ५०० दिसताच सेवा कोसळली असे मानू नका. मजकुरात ‘फॉल्ट’ टॅग असेल तर सोप सेवेने तुमची विनंती घेऊन उत्तर दिले आहे, म्हणजे पोहोचण्याचा प्रश्न सुटला. ‘फॉल्टकोड’मध्ये ‘क्लायंट’ असेल तर आपली विनंती तपासा, ‘सर्व्हर’ असेल तर दोष बहुधा तिकडे. ५०२, ५०३ किंवा ५०४ सोबत साधे एचटीएमएल आले तर ते बहुधा मधल्या गेटवेचे उत्तर आहे आणि मागची सेवा त्यालाच सापडत नाही.

रोजची तपासणी लावताना

ही चाचणी दर काही मिनिटांनी आपोआप चालवता येते. जोडणीची मुदत आणि एकूण मुदत वेगवेगळी ठेवा, नाहीतर एक अडकलेली विनंती सगळे थांबवते. नोंदीची भर न घालणारे, फक्त वाचणारे ऑपरेशन निवडा. फार घाईने विचारत बसू नका. व्हीआयईएससह अनेक सेवा एका वेळच्या विनंत्यांवर मर्यादा ठेवतात, आणि मग आपली तपासणीच बिघाडाचे कारण ठरते.

दोष समोरच्या बाजूचा आहे अशी खात्री झाली की त्यांना पाठवायच्या मेलमध्ये एवढे असू द्या: बिघाडाची नेमकी वेळ यूटीसीमध्ये (भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून), तुमचा बाहेर दिसणारा आयपी, पूर्ण एंडपॉइंट, पाठवलेली विनंती आणि आलेले उत्तर हेडरसकट. पासवर्ड आणि टोकन तेवढे खोडा. स्क्रीनशॉट नको, मजकूर पाठवा, म्हणजे त्यांना तो लॉगमध्ये शोधता येतो. सेवा ठरावीक आयपींनाच परवानगी देणारी असेल तर ‘आमचा हा आयपी यादीत आहे का’ हे पहिल्याच ओळीत विचारा.